'२०० मीटरचा ट्रॅक' वाली शाळा : आठ महिन्यांनंतर

या शाळेची फी, बस, डबा यांबद्दल बाकी पालकांनी इथं लिहून ठेवलंय, ते सोडतो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, धंदा ठिबक बसवायचा. चौथीतल्या पोरीला जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून या शाळेत टाकली ती माहितीपत्रकातल्या एका ओळीपायी : '२०० मीटरचा ट्रॅक'. त्या ओळीचे वर्षाला ३,५०० रुपये वेगळे.

पावसाळाभर ट्रॅक म्हणजे काळ्या मातीचा चिखल, बुटाला किलोभर चिकटायचा. पण दिवाळीपर्यंत मी खूश. पोरगी एक फेरी ३८ सेकंदांत मारायची, मी भेटेल त्याला सांगायचो. मग तालुक्याच्या क्रीडा संकुलात, ४०० मीटरच्या ट्रॅकवर अर्धी फेरी पळवली तर ४६. पुढच्या रविवारी पुन्हा ४६.

३० मीटरची फीत घेऊन शाळेत गेलो. एका टोकाला पोरगी. फक्कीच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर बाहेरून मोजायचं असते. तीनदा मोजलं. १६९ मीटर, वर हातभर. ऑफिसात म्हणाले, "ग्राउंड लहान आहे भाऊ, समजून घ्या." शंभराच्या बंडलात पंच्याऐंशी मीटर नळी दिली तर शेतकरी मला समजून घेते का?

पीटीचे सर मात्र खरं बोलले : "पाचव्या लेनमधून मोजलं तर दोनशे भरते जी." हिशेब केला. लेन १.२२ मीटर रुंद, फेरीमागे दर लेनला साडेसात मीटरच्या वर वाढ, चार लेनचे तीस. बरोबर निघालं! पण पोट्टे सोडायचे सगळे एकाच रेषेवरून. पाचव्या लेनमधलं, आरटीईतून आलेलं पोरगं रोज शेवटी यायचं. पूर्ण दोनशे पळणारं तेवढंच एक होतं. त्याला ढिला म्हणणाऱ्यांत मीही होतो.

सरांवरचा राग तिथंच गेला. उड्या, रिले ते मनापासून घेतात. बॅटन नाही म्हणून माझ्याच भंगारातल्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे देऊन आलो. स्पाइक्सचे १,८०० मात्र मी भरले नाही. मातीवर पळणाऱ्या नऊ वर्षांच्या पोरीला खिळ्यांचे बूट काहून पाहिजे?

आता पाचही लेनच्या सुरुवातीच्या खुणा पुढंमागं आखल्या आहेत. फीत माझी, फक्कीही माझी. पहिल्याच शर्यतीत ते पोरगं पहिलं, माझी तिसरी. घरी दोन दिवस अबोला. माहितीपत्रकात अजून २०० च छापलंय. कमी भरलेल्या ट्रॅकचे १५ टक्के, म्हणजे ५२५ रुपये परत मिळावे असा अर्ज दिलाय. पोच घेतली आहे.