‘कोर्ट’ आधी लावू की ‘द डिसायपल’?

घरात तीन-चार माणसं असतील आणि मध्ये मध्ये बोललेलं चालणार असेल, तर ‘कोर्ट’. एकटे असाल आणि जवळ बरा हेडफोन असेल, तर ‘द डिसायपल’. घाईत असलेल्यांचं काम इथेच झालं. हे दोन्ही मी हल्लीच घरच्या टीव्हीवर पुन्हा पाहिले, म्हणून बाकीच्यांसाठी जरा सविस्तर.

दोन्ही सिनेमे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचे. पुरस्कार बघून निवडायचं म्हटलं तर फारसा उजेड पडत नाही. ‘कोर्ट’ने 2014 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ओरिझोंती या नव्या वाटांच्या सिनेमांसाठीच्या विभागात पहिला नंबर काढला आणि मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ‘द डिसायपल’ 2020 मध्ये त्याच महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता, तिथे त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. उलट या पुरस्कारांनीच घरातली मंडळी बिचकतात. ‘फेस्टिव्हलवाला आहे ना, मग मी आपली झोपते’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं. ‘कोर्ट’च्या बाबतीत ते अन्यायाचं आहे. ‘डिसायपल’च्या बाबतीत, खरं सांगायचं तर, थोडंफार बरोबर आहे.

‘कोर्ट’चा विषय ऐकून वाटतं, आता दोन तास मान खाली घालून बसायचं. नारायण कांबळे नावाचा वयस्कर लोकशाहीर. त्याचं गाणं ऐकून एका गटारकामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला, असा आरोप ठेवून पोलीस त्याला भर कार्यक्रमात धरून नेतात. पण सिनेमा सुरू झाला की लक्षात येतं, इथे हसू सतत ओठांवर आहे आणि आपण नेमके कशाला हसतोय याची लाजही वाटते आहे. न्यायाधीश सदावर्ते एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात, कारण ती बिनबाह्यांचे कपडे घालून आली आहे. सरकारी वकील बाई जुन्या कायद्याची कलमं अशा एका सुरात वाचतात की घरातल्या कुणाला तरी हमखास आपल्या ऑफिसातलं माणूस आठवतं. या भूमिकेतल्या गीतांजली कुलकर्णी यांच्यासाठीच सिनेमा दुसऱ्यांदा बघावा. कोर्टात माणसाचं आयुष्य टांगणीला लावणारी ही बाई लोकलने घरी जाते, सहप्रवासी बाईशी स्वयंपाकाच्या तेलावर गप्पा मारते, घरी येऊन कुकर लावते. खलनायिका म्हणावी तर जमत नाही, आणि हेच जास्त त्रास देतं. समोरचा बचावाचा वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर, सिनेमाचे निर्मातेही तेच) सुशिक्षित, उदार, गाडीत जॅझ ऐकणारा. दोघांची मुंबई एकच, पण एकमेकांच्या मुंबईत ती कधी शिरत नाहीत.

मृत कामगाराच्या बायकोची साक्ष येते तेव्हा मात्र घरातलं बोलणं आपोआप थांबतं. नवरा मॅनहोलमध्ये उतरण्याआधी खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, नाही आली तर विषारी वायू. कुठलंही संगीत नाही, रडारड नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. हा प्रसंग संपला की बोलणं पुन्हा सुरू होतं, आणि ते सिनेमाबद्दल असतं. एकत्र बघायला ‘कोर्ट’ का, तर यासाठी. त्यात भरपूर मोकळी जागा आहे. पाच-दहा सेकंद कुणी काही बोललं तर हातातून निसटत नाही. शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती असं सगळंच त्यात येत असल्यामुळे अमराठी सून-जावई किंवा परदेशात वाढलेली नातवंडं सोबत असली तरी अडत नाही.

एक सूचना. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. ‘संपला’ म्हणून रिमोट उचलू नका. त्यानंतर जे येतं त्याशिवाय सिनेमा अर्धाच आहे.

‘द डिसायपल’चं गणित निराळं. शरद नेरुळकर हा ख्यालगायकीचा विद्यार्थी. मेहनत भरपूर, गुरूवर श्रद्धा अपार, आणि गळ्यात ती एक गोष्ट नाही जी मेहनतीने येत नाही. सिनेमा त्याच्या विशीपासून चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत जातो आणि एवढंच विचारत राहतो, की हे त्याला कधी कळतं, आणि कळलं तर तो काय करतो. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड, दोघेही मुळात गाणारे. द्रविड तर मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले. त्यामुळे मैफलीत हात वर जातो तो खोटा वाटत नाही. सिनेमातलं अलवर घराणं मात्र काल्पनिक आहे, शोधत बसू नका.

माई, म्हणजे गुरुजींच्या गुरू, हे पात्र आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या उड्डाणपुलांवरून संथ गतीत बाइक चालवतो आणि कानात माईंची व्याख्यानं सुरू असतात: कला म्हणजे तपश्चर्या, एकटेपणा आणि उपासमार यांची तयारी हवी, वगैरे. हा आवाज चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. सिनेमा नेटफ्लिक्सवर 30 एप्रिल 2021 ला आला आणि त्याच्या थोडेच दिवस आधी त्या गेल्या. त्या आवाजात जरब आहे, माया आहे, आणि पोरांना बिघडवण्याची ताकदही आहे. हे टीव्हीच्या स्पीकरवर, मागे मिक्सर फिरत असताना, ऐकण्यात अर्थ नाही. तानपुऱ्याची नुसती गुणगुण होते. हेडफोन म्हणतोय तो म्हणूनच.

एकट्याने बघा म्हणण्याचं दुसरं कारण जास्त नाजूक आहे. घरात कुणी गाणं, चित्रकला, स्पर्धा परीक्षा, असं काहीतरी अनेक वर्षं धरून बसलेलं असेल, तर हा सिनेमा त्याच्या शेजारी बसून बघणं अवघड जातं. रेस्टॉरंटमध्ये एक जुना समीक्षक शरदला त्याच्या दैवतांबद्दल बरंच काही ऐकवतो, त्या प्रसंगात मी सोफ्यावर अवघडून बसलो होतो, आणि मला तर गाताही येत नाही.

उणी बाजूही आहे. मधल्या अर्ध्या तासात एकच गोष्ट तीनदा सांगितल्यासारखी होते. रिअॅलिटी शोमधल्या मुलीचा भाग मला जरा सोपा वाटला. टीव्ही वाईट आणि तानपुरा चांगला, असं त्यात आयतंच ठरून जातं. ‘कोर्ट’ असं कुणालाच स्वस्तात दोषी ठरवत नाही, म्हणून दोन्हींत उजवा मी त्यालाच म्हणेन.

फोनवर दोन्ही नकोत. ताम्हाणेंचा कॅमेरा लांब आणि बहुतेक वेळा स्थिर असतो. ‘कोर्ट’मध्ये गंमत असते ती मागच्या बाकावर जांभया देणाऱ्या माणसात, आणि सहा इंचांच्या पडद्यावर तो माणूसच गायब होतो.

लहान मुलं आणि आजी-आजोबा दोघंही समोर बसणार असतील, तर खरं म्हणजे या दोन्हींचा नाद सोडा आणि परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावा. दादासाहेब फाळक्यांनी 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा उभा केला त्याची ही धमाल गोष्ट आहे, नंदू माधव झकास आहेत आणि दीडेक तासात मोकळं होता येतं.

वेळेचं सांगायचं तर ‘कोर्ट’ दोन तासांच्या आत संपतो, ‘डिसायपल’ दोन तासांच्या थोडा पुढे जातो. पहिला जेवणानंतर चालेल. दुसरा जेवणाआधी, नाहीतर पहिल्याच आलापात डुलकी लागेल आणि दोष गायकाला जाईल. ‘डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आहे. ‘कोर्ट’ कुठे मिळतोय ते मंडळी जमण्याआधीच शोधून ठेवा, नाहीतर शोधाशोधीत कुणीतरी क्रिकेट लावतं आणि मग रिमोट परत मिळत नाही.