घर राजस्थानी, पाऊस यवतमाळचा

नव्या घरात दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढले, तेव्हा कुठे आमच्या आर्किटेक्टबद्दल हे लिहायला बसले. वास्तुशांतीच्या दिवशी लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते. आता साडेतीन.

आम्ही राळेगाव तालुक्यातले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, हे शेतीत, घरी सासूबाई आणि दोन पोरं. आधीचं घर स्लॅबचं. मे महिन्यात रात्री नऊला भिंतीला हात लावला तर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी लागायची. दिवसभर प्यालेलं ऊन ती रात्री आमच्या अंगावर सोडायची. मग बाजा अंगणात, आणि लाइट गेली की कूलरही गप्प.

म्हणून नागपूरच्या एका आर्किटेक्टकडे गेलो. उष्ण प्रदेशात कमी विजेवर थंड राहणारी घरं हा त्यांचा विषय. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. फी 70 हजार, त्यात नकाशे आणि साइटवर चार चकरा. त्यांनी लॅपटॉपवर जैसलमेरच्या पिवळ्या दगडाच्या हवेल्या दाखवल्या, इराणमधल्या याझ्द शहरातले वारा पकडणारे मनोरे दाखवले, इजिप्तमध्ये हसन फाथी या आर्किटेक्टनी मातीच्या विटांत उभारलेलं न्यू गुर्ना गाव दाखवलं. सासूबाई सगळं शांतपणे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाबू, तिथं पानी किती पडते?" आर्किटेक्ट हसले. आम्हीही हसलो. तिथेच चुकलं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. विटा त्यांनी उभ्या लावून घेतल्या, मधे पोकळी सोडून. याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात, लॉरी बेकर या आर्किटेक्टनी केरळात रुजवलेली पद्धत. विटा पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. आमच्या मिस्त्रीने आधी नाक मुरडलं, दोन दिवसांनी स्वतःच इतरांना समजावून सांगायला लागला. स्लॅबमध्ये खालच्या अंगाला जुन्या कवेलूंची (कौलांची) भर टाकली, वरून पांढऱ्या चुन्याचे तीन हात. आमच्याकडे मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य अगदी डोक्यावर येतो, दुपारी सावली पायाखाली जाते. तेव्हा दक्षिणेची भिंत नाही, छत आणि पश्चिमेची भिंत भाजते. हे त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर काढून दाखवलं आणि पश्चिमेला फक्त संडास, न्हाणी आणि कोठीची खोली ठेवली. पन्नास लाखांचे बंगले बांधणाऱ्यांना हे सुचत नाही, मी पाहिलेत.

मी तीनशे रुपयांचं थर्मामीटर आणून खिळ्याला टांगलं. गेल्या मे महिन्यात एका दुपारी तीनला बाहेर सावलीत 45, शेजारच्या टिनाच्या खोलीत 43, आमच्या मधल्या खोलीत 36. छत्तीस म्हणजे काही महाबळेश्वर नाही. पण कूलर लावला की 30-31 वर येतं आणि पोरं आत झोपतात. बाजा आता अंगणात फक्त हौस म्हणून निघतात.

सगळ्यात लाडकं म्हणजे अंगणाखालची टाकी. राजस्थानात तिला टांका म्हणतात. जैसलमेरला वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून तिथले लोक थेंब न् थेंब साठवतात. आमचं छत हजार चौरस फुटांचं. शंभर मिलिमीटर पडला की हिशोबाने नऊ हजार लिटर पाणी. वीस हजार लिटरची टाकी जुलैतच भरून सांडते. मार्चमध्ये नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं तेव्हा शेजारच्या बाया घागरी घेऊन आमच्या दारी असतात.

आता कापलेल्या दीड ताऱ्याची कथा.

आधी माती. आर्किटेक्ट म्हणाले, प्लॉटचीच माती, थोडा सिमेंट, दाबून विटा करू. मिस्त्रीने मूठभर ढेकूळ पाण्यात टाकून दाखवलं. "हे काळी माती होय बाई. उन्हात फाटते, पान्यात फुगते. हिच्या इटा कराच्या काय?" शेवटी भाजलेल्या विटाच आणल्या आणि पाया मुरूम लागेस्तोवर खाली नेला. हे साइट बघायला आलेल्या माणसाला आधीच दिसायला हवं होतं.

मग मनोरा. जिन्यावर चौदा फूट उंच, पश्चिमेकडे तोंड. याझ्दला खाली पाणी असतं, वारा त्यावरून थंड होऊन येतो म्हणे. आमच्याकडे दुपारी त्यातून झळाच आल्या, सोबत धूळ. रात्रीही इथली हवा वाळवंटासारखी गार होत नाही, मे महिन्यात पहाटेसुद्धा 29-30. आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पश्चिमेकडूनच आला. जिन्यावर पाण्याचा ओढा, खाली पोरांची दप्तरं. आता सुताराकडून पल्ला बसवून तो बंद ठेवलाय. आत कबुतरांचा संसार आहे.

पण खरा राग भिंतींचा. वाळवंटातल्या घरांसारखं आर्किटेक्टनी छत सपाट ठेवलं, कडेला छज्जा नाममात्र नऊ इंच. दिसायला छान, फोटोत तर फारच. दुसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत कमरेपर्यंत ओली, कोठीतल्या तुरीच्या पोत्याला खालून बुरशी. गंमत म्हणजे त्यांच्या लॅपटॉपमध्ये सेवाग्रामच्या बापूकुटीचाही फोटो होता. आमच्यापासून दोन तासांच्या आत. ऐंशीहून जास्त वर्षं आमचाच पाऊस झेलतेय ती कुटी, आणि कवेलूचं छप्पर कसं खाली उतरून भिंतीला पदराखाली घेतं ते कुणालाही दिसतं. मी फोनवर हेच म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, त्याने डिझाइनची भाषा बदलते." सासूबाई पलीकडून ऐकत होत्या. "भाषा ठेवा बाप्पा, तुरीचं सांगा."

तरी कुणी विचारलं तर त्यांच्याकडे जा असंच सांगते. उन्हाचं त्यांना कळतं, खरोखर कळतं, आणि मिस्त्रीशी ते बसून बोलतात, हुकूम सोडत नाहीत. फक्त साइटवर त्यांना एप्रिलमध्ये नको, जुलैत बोलवा. चिखलात उभं करून नकाशा उघडायला लावा.

फीमधले शेवटचे पंधरा हजार अजून द्यायचे आहेत. पश्चिमेला पाच फुटांची कवेलूची छपरी काढून दिली की त्याच दिवशी देईन, असं कळवलंय. ते रविवारी येतो म्हणालेत. कवेलू मी काढून ठेवलेत, जुने दोनशे उरलेत.