भाड्याच्या फ्लॅटचं किचन स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा, आमचा अनुभव

पुण्यात धायरीला आमचा वन बीएचके आहे, तो आम्ही भाड्याने देतो. आधीचे भाडेकरू गेल्यावर किचन फारच जुनं दिसायला लागलं होतं, ट्रॉल्यांची दारं खाली लोंबलेली, टाइल्सच्या फटी काळ्या पडलेल्या, आणि ब्रोकर म्हणाला की बघायला येणारी माणसं आधी किचन आणि बाथरूमच बघतात, थोडं नीट करून घेतलंत तर भाडंही बरं मिळेल. ओटा मात्र उत्तम होता. काळा ग्रॅनाइट, खाली कडप्प्याचे (काळ्या फरशीच्या दगडाचे) उभे सपोर्ट आणि मधे स्टीलच्या ट्रॉल्या, त्या आम्हीच पूर्वी चांगल्यातल्या बसवून घेतलेल्या. म्हणजे काम तसं थोडकंच होतं, दारं बदलायची, टाइल्स घासून ग्राउट भरायचं, नवीन सिंक आणि नळ, एक्झॉस्ट फॅन. बस.

सोसायटीतच एकांकडे काम चालू होतं, तिथला कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला. त्याचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण त्याची पद्धत सगळी लिहिते, कारण हे लोक सगळीकडे असंच करतात असं आता बऱ्याच जणांशी बोलून लक्षात आलंय.

पहिलं वाक्य त्याचं हे, "भाड्याचाच फ्लॅट आहे ना मॅडम, तुम्ही कशाला सारखी ये-जा करता, किल्ली ठेवा माझ्याकडे, मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो." सगळी फसवणूक या एका गोष्टीवर उभी असते. घरमालक तिथे राहत नाही, रोज ओट्यापाशी उभा राहत नाही, आणि जे राहायला येणार त्यांना आधी काय होतं आणि काय ठरलं होतं हे माहीत नसतं.

दुसरं, कडप्पा जुना झालाय, नुसती दारं बदलून शोभणार नाही, त्यापेक्षा सगळं काढून प्लायची नवीन कॅबिनेट करू, थोडेच पैसे वाढतील आणि एकदम मॉड्युलर दिसेल. वर हेही की काढण्याची मजुरी नको, भंगार आम्हीच घेऊन जातो. आमच्या जुन्या ट्रॉल्या घासूनपुसून परत वापरता आल्या असत्या इतक्या धड होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. कोणी भंगार "फुकट" नेतो म्हणालं ना की आधी ते विकून किती येतील ते विचारा आणि ती रक्कम बिलातून वजा करून घ्या.

प्लायचं तर विचारूच नका. घरी येताना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लायचा तुकडा घेऊन आला होता, जाड, वजनदार, म्हणाला हा पाण्यात उकळला तरी काही होत नाही. हे खरंच आहे, ७१० ची टेस्ट ७२ तास उकळूनच करतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून माल उचलतानाचा फोटोही पाठवला, त्यात शिक्के स्पष्ट दिसत होते. पण तो माल आमच्याकडे आलाच नाही. कोटेशनवर नुसतं "वॉटरप्रूफ बोर्ड १८ एमएम" लिहिलेलं, आयएस नंबर नाही, कंपनी नाही. बिल मागितलं तर म्हणे पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर द्यावा लागेल. आणि पैसे प्रत्येक वेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर. अर्धे अ‍ॅडव्हान्स, मग "माल आलाय, दुकानदार थांबलाय" म्हणून आणखी, असं करत करत काम निम्म्यावर असतानाच जवळपास सगळे त्याच्याकडे पोचले होते. एकूण ८२ हजार.

काम झाल्यावर दिसायला सुंदर दिसत होतं हे मान्य करते. पांढरं चकचकीत लॅमिनेट, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या. स्टीलचे बास्केट ३०४ चे, म्हणजे चांगल्या ग्रेडच्या स्टीलचे आहेत हे दाखवायला त्याने माझ्यासमोर चुंबक लावला, बघा चिकटत नाही म्हणाला. हे नीट लक्षात ठेवा, चुंबक २०२ या हलक्या ग्रेडला पण चिकटत नाही! २०२ मधे निकेल कमी असतं आणि मँगनीज जास्त, ते स्वस्त पडतं आणि ओलाव्यात लवकर गंजतं. नंतर बोहरी आळीतल्या एका दुकानदाराने टेस्टिंगच्या लिक्विडचा थेंब टाकून दाखवला तर लगेच लालसर झाला, म्हणजे ३०४ नाहीच.

नवीन भाडेकरू म्हणजे एक तरुण जोडपं, दोघं नोकरीवाले. पहिल्याच पावसाळ्यात त्या मुलीचा फोन आला, काकू सिंकखालचं दार बंदच होत नाहीये. जाऊन बघितलं तर सिंकखालची फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगलेली. कडेची पट्टी सुटून लोंबत होती आणि आतून भुसा बाहेर येत होता, अक्षरशः बोटाने उकरला की पडत होता. पार्टिकल बोर्ड. लाकडाचा भुसा आणि चुरा गोंदात दाबून केलेला, त्याला प्लाय म्हणतच नाहीत. बिजागरीचे स्क्रूही त्यात धरत नव्हते, दार हातातच आलं.

पण त्याहून मोठं नुकसान वर होतं. ग्रॅनाइटचा सगळा भार कडप्प्याच्या त्या उभ्या सपोर्टवर असतो, आणि सिंकसाठी कापलेला भाग हा ओट्याचा सगळ्यात नाजूक भाग. तिथला कडप्पा याने काढला आणि त्याच्या जागी ही भुशाची फळी उभी केली. ती फुगून खचली आणि सिंकच्या कोपऱ्यातून मागच्या टाइलपर्यंत ग्रॅनाइटला केसाएवढी चीर गेली. चांगला ओटा गेला.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला ती सांगते. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणाला, भाडेकरूंनीच पाणी सांडलं असणार, त्यांच्या डिपॉझिटमधून कापून घ्या ना मॅडम, मी पुन्हा करून देतो. म्हणजे स्वतः केलेल्या चोरीचे पैसे त्या पोरांकडून दुसऱ्यांदा वसूल करायचे! मी सरळ नाही म्हटलं, त्या दिवसापासून फोन बंद. भाड्याने राहणाऱ्यांनी म्हणून राहायला जाताना सिंकखालचा, ट्रॉल्या बाहेर काढून आतला व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवावा, अकरा महिन्यांनी डिपॉझिटचा विषय निघाला की तोच कामाला येतो. आम्ही त्यांना भाड्यात सवलत दिली, दोन शेगड्यांचं किचन धड चालत नव्हतं तर द्यायलाच हवी होती.

दुरुस्ती एका ओळखीच्या सुतारकाकांकडून करून घेतली. ते म्हणाले ताई, भाड्याच्या घरात सिंकखाली लाकूड घालायचंच नाही. कडप्पा परत बसवला, सिंकखाली पीव्हीसी बोर्डचं नुसतं दार, खालून चार इंच मोकळं ठेवलं म्हणजे गळलं तर दिसतं, बाकी दारांना प्लाय. प्लाय आणायला मी स्वतः त्यांच्याबरोबर टिंबर मार्केटला गेले, शीटवरचा सीएम/एल नंबर, म्हणजे आयएसचा शिक्का देणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेचा लायसन्स नंबर, बीआयएस केअर अ‍ॅपमधे टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे का ते तिथेच दिसतं, आणि शीट कापायच्या आधी शिक्क्याचा फोटो काढला. कापल्यावर शिक्का कुठल्या तुकड्यावर गेला ते कोणी शोधत बसत नाही. पैसे सुतारकाकांनी टप्प्याटप्प्याने घेतले, शेवटचा हप्ता नळ दोन दिवस वापरून झाल्यावर.

पोलीस चौकीत हा दिवाणी मामला आहे म्हणाले. मग १९१५ वर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, कॉन्ट्रॅक्टरने उत्तर दिलं नाही, म्हणून वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पक्कं बिल नाही म्हणून आपलं काही होणार नाही असं समजून बरेच जण गप्प बसतात, पण वकिलांनी आमचे यूपीआयचे मेसेज, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, त्याने पाठवलेला तो शिक्क्यांचा फोटो सगळं पुरावा म्हणून लावलंय. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. काढलेल्या फळ्या फेकू नका, आमच्या दोन फुगलेल्या फळ्या आणि गंजलेला एक बास्केट पोत्यात बांधून बाल्कनीत ठेवलाय, आयोगातल्या तारखेला घेऊन जायचाय.