दाजींना लेन्स द्यायचीय: ५० एमएम की ५५-२५०?

आमच्या दाजींकडे कॅनन १५००डी आहे, सोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आहे (आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं) आणि हौस तर विचारूच नका. वाढदिवसाला ताई आणि मी मिळून लेन्स द्यायचं ठरवलं आणि मग नेहमीचा घोळ सुरू झाला, ५० एमएम एफ १.८ घ्यायची की ५५-२५०. दोन्ही कॅननच्या, दोन्ही एसटीएम (म्हणजे फोकसची मोटर शांत चालणाऱ्या), दोन्ही त्या बॉडीवर थेट बसतात. ५० वाली स्वस्त, ५५-२५० ला साधारण दुप्पट नाहीतर त्याहून जास्त पडतात. पण नुसतं बजेट बघून ठरवू नका, कारण दोन्हींचं काम पार वेगळं आहे.

५० एमएम म्हणजे उजेडाची लेन्स. किट लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ च्या खाली उतरत नाही (हा एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं उघडतं), आणि ही १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत. घरात ट्यूबलाइटखाली बारसं चालूय, बाळ हात हलवतंय, किट लेन्सवर शटर १/२० मिळतोय आणि फोटो हलतोय, तिथं ही लेन्स १/२०० देते, बाकी आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) वगैरे काही न बदलता. मागचं सगळं मऊ धूसर होतं ते वेगळंच, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस त्यावरच फिदा होतो. वजन १६० ग्रॅमच्या आसपास, बॅगेत आहे का नाही कळत पण नाही. फक्त हिच्यात आयएस (हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय) नाही, हात स्थिर ठेवायला लागतो.

आता अडचण. झूम नाही, आणि १५००डी चा सेन्सर छोटा असल्यामुळं ५० चं फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, हिशेबानं ८० होतं. घरातली सगळी मंडळी, समजा दहा फूट रुंदीचा घोळका, एका फ्रेममध्ये बसवायचा तर बावीस-तेवीस फूट मागं जायला लागतं, आणि एवढा हॉल आपल्याकडं कुणाचा असतो हो? आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तर अजून अवघड. नंदीध्वजाची तीसेक फुटी काठी, कॅमेरा उभा धरला तरी पूर्ण मावायला सदुसष्ट-सत्तर फूट लांब पाहिजे, मिरवणुकीच्या गर्दीत तुम्ही सत्तर फूट मागं गेलात तर मधे फक्त डोकी आणि मोबाईल दिसणार. तिथं किटचं १८ च कामाला येतं, पंचवीस फुटांच्या आत काम होतं. पण काठी धरणाऱ्याचा घामेजलेला चेहरा, अक्षता टाकणाऱ्या बायकांचे हात, असलं टिपायला मात्र ५० सारखं काही नाही.

५५-२५० चं गणित उलटं. उजेड कमी, एफ ४ ते ५.६, पण लांबचं जवळ आणते. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर शंभर मीटरवर काळवीट उभा आहे असं धरा. किट लेन्सच्या ५५ वर तो चाळीस मीटर रुंद चित्रातला एक ठिपका, २५० वर तेच चित्र नऊ मीटरचं होतं आणि काळवीट साधारण सातवा-आठवा भाग व्यापतो, शिंगांचा पीळ दिसतो, क्रॉप करून फ्रेम करण्याजोगा फोटो मिळतो. (माळढोक पक्षी दिसणं आता नशिबाचाच भाग, त्याच्या नावावर लेन्स घेऊ नका.) सोलापुरातल्या कंबर तलावावरचे बगळे, पाणकावळे जवळ येतात त्यामुळं तिथं २५० बऱ्यापैकी पुरतं, चिमणीएवढ्या पक्ष्याला मात्र कमीच पडतं. हिच्यात आयएस आहे, पण ते आपला हात हलतो त्याच्यासाठी, पक्षी हलला तर शटरच वाढवायला लागतो, म्हणजे उजेड पाहिजे. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात उजेड भरपूर असून पण दहा वाजले की माळावरची हवा तापून नाचायला लागते, लांबचं सगळं लाटांसारखं हलतं, मग ही काय आणि लाखाची लेन्स काय, फोटो मऊच येणार. सकाळी उजाडताना जायचं असेल तरच पैसे वसूल. दाजी जातात, रविवारी पाच वाजता ताईची झोपमोड करून.

तरी मन ठरत नसेल तर एक युक्ती सांगतो, सरप्राइज पण फुटत नाही. त्यांचे जुने फोटो लॅपटॉपवर उघडा, प्रॉपर्टीजमध्ये फोकल लेंथ, म्हणजे हाच एमएमचा आकडा, बघा. जो माणूस सारखा ५५ वर अडकलेला दिसतोय आणि फोटोत पक्षी, देवळाचा कळस, लांबचं असं काही आहे, त्याला टेली, म्हणजे ५५-२५० सारखी लांबचं जवळ आणणारी, पाहिजे. ५५ वर असून सगळे चेहरेच असतील आणि आयएसओ ३२००, ६४०० दिसत असेल तर ५० घ्या, डोळे झाकून. आणि सगळं १८ वर असेल तर ह्या दोन्ही नकोत, जास्त रुंद दिसणारी १०-१८ बघा, भुईकोट किल्ला आणि घरातल्या खोल्या काढणाऱ्याला तीच लागते. दाजींचे बहुतेक फोटो ५५ वर आणि त्यात निम्म्यात लांबवर एक टिटवी, त्यामुळं आमची ५५-२५० ठरली. ताईला ५० पाहिजे होती, तिचे स्वतःचे फोटो चांगले येतील म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिचा मुद्दा पण चुकीचा नव्हता.

दुकानात जाताना थोडं बघून जा. ५५-२५० चं जुनं आयएस टू मॉडेल अजून फिरतंय, त्याची मोटर आवाज करते आणि फोकस हळू, डब्यावर एसटीएम लिहिलंय का बघा. ५० चं पण तसंच, जुन्या टू मॉडेलचं माउंट प्लास्टिकचं, एसटीएमचं धातूचं. बॉडीवर माउंटच्या कडेला पांढरा चौकोन आणि लाल ठिपका दोन्ही असतील तर ह्या सगळ्या लेन्स बसतात. कॅननचाच नवीन आर सिरीजचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर थेट बसणार नाहीत, अडॅप्टर लागतो. निकॉन असेल तर हे सगळं विसरा, तिथं डी ३००० आणि डी ५००० वाल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, एएफ-एस लिहिलेली लेन्सच घ्या. सेकंडहँड मिळाली, खास करून मुंबईहून आलेली, तर मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते तपासा, तिकडच्या दमट हवेत धरते. बिल घ्या, वॉरंटीचा शिक्का घ्या, आणि बदलून देणार का ते पैसे द्यायच्या आधी विचारा. पैसे उरले तर यूव्ही फिल्टरपेक्षा हूड (लेन्सच्या पुढं लावायचं, आडवा उजेड अडवणारं कडं) घ्या, ५५-२५० ला ईटी-६३ आणि ५० ला ईएस-६८, डब्यात दोन्हींच्या मिळत नाही.