नवीन हेवी ड्रायव्हरांनो, डिपॉझिट घेऊन गाडी देणाऱ्यांपासून सांभाळा

माझे ७३,०४० रुपये आणि हेवीचं ओरिजिनल लायसन्स एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अडकलंय. वर तोच म्हणतो, मीच त्याचे २६,७०० रुपये देणं लागतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण मिटलेलं नाही आणि माझा सही केलेला कोरा चेक त्याच्या ताब्यात आहे. पण पद्धत सगळी लिहितो. पुणे जिल्ह्यातली सहा गाड्यांची कंपनी, वर्ष २०२३.

ज्यांनी नुकतंच हेवी काढलंय त्यांना सुरुवात समजावून सांगायची गरज नाही. लाइट मोटारचं लायसन्स वर्षभर जुनं झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं मिळत नाही. मग स्कूलची फी, टेस्ट, एजंट. एवढं करून कार्ड हातात आलं की मोठ्या कंपन्या विचारतात, अनुभव किती वर्षांचा? गाडी मिळाल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय गाडी नाही. आपण या कोंडीत सापडलेलो असतो हे ह्या लोकांना पक्कं माहीत असतं. 'नवीन ड्रायव्हर चालेल, पगार १८,०००, भत्ता रोज ३५०' एवढीच ओळ व्हॉट्सॲपवर फिरते आणि आपण धावत जातो. मीही गेलो आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. घरी बसून लायसन्सला कोण पगार देतो?

गेल्यावर तीन गोष्टी मागितल्या. २५,००० रुपये रोख, 'टायर-डिझेलचं डिपॉझिट' म्हणून. ते आईने बचत गटातून उचलून दिले. एक कोरा चेक, 'नुसता फाइलला लावायला'. आणि ओरिजिनल लायसन्स. मी म्हटलं, लायसन्स तर गाडीवर लागेल. मॅनेजर, म्हणजे शेठचा मेहुणा, म्हणाला, "मोबाइलवर डिजिलॉकर आहे ना तुझ्या? ते चालतं." ते खरंच चालतं. २०१८ पासून डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं कायद्याने ग्राह्य आहेत. खऱ्या नियमाचा असा वापर केला की माणसाला शंका येत नाही.

त्याने टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला आणि माझं कार्ड आत टाकलं. आत रबर लावलेली लायसन्सची गड्डी होती. पंधरा-वीस कार्डं सहज असतील. सगळ्यात वरच्या कार्डावर माझ्याच वयाचा पोरगा, कपाळाला गंध, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. कंपनीच्या गाड्या सहा, त्यातल्या तीन यार्डात उभ्या. मग एवढे ड्रायव्हर कुठे आहेत? स्वतःचं लायसन्स मागे ठेवून माणूस का जाईल? त्या ड्रॉवरमध्ये सगळं लिहिलेलं होतं. तो बंद होईपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढ्यात उठून पैसे परत मागता आले असते. रात्री झोप येत नाही तेव्हा मला ७३ हजार आठवत नाहीत, तो ड्रॉवर आठवतो. पण २५,००० मोजून दिलेले होते, किल्ली समोर ठेवलेली होती, आणि कामाचा पहिला दिवस होता. अशा वेळी मालकाला उलटा प्रश्न विचारायची ताकद कोणात असते ते मला सांगा. ओरिजिनल लायसन्स कुणाच्याही ऑफिसात ठेवू नका. मोटार वाहन कायद्यात ते ठेवून घ्यायचा अधिकार पोलीस किंवा परिवहन अधिकाऱ्याला आहे, तोही ठरावीक कारणासाठी आणि पावती देऊन. मालकाला तो अधिकार कोणी दिला?

गाडी दहा टायरची, पासिंग (म्हणजे गाडी आणि माल मिळून परवानगी असलेलं वजन) २८ टन. किलोमीटरचा काटा बंद, डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकलेला, ताडपत्रीला दोन ठिकाणी हात जाईल एवढी भोकं. मी सगळ्याचे फोटो मेहुण्याला पाठवले. "पुढच्या खेपेला करू," असं उत्तर आलं. ही पुढची खेप कधीच आली नाही. फिटनेस संपलेला होता हे मला नंतर कळलं, तेही दुसऱ्या ड्रायव्हरने त्याच्या मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून दाखवल्यावर. दोन मिनिटांचं काम आहे, किल्ली घेण्याआधी करा. फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, चारही तारखा बघा. अशा गाडीने रस्त्यात कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करायला कारण शोधते आणि स्टिअरिंगवर आपण असतो.

सुरुवातीला मला वाटायचं, हे लोक नुसते गबाळे आहेत. फोन उचलत नाहीत, बिल्ट्या (मालाच्या पावत्या) हरवतात, डिझेलच्या पावत्या एका पिशवीत कोंबलेल्या. एक जुना ड्रायव्हर होता, त्याला सगळे मामा म्हणायचे. त्याने एकदा ढाब्यावर सांगितलं, "हिशेब नीट ठेवला तर तुला पैसे द्यावे लागतील ना." तेव्हा मला ती कुरकुर वाटली. नंतर एकेक कपात बघितली तेव्हा पटलं. त्या ऑफिसातला प्रत्येक गोंधळ शेवटी ड्रायव्हरच्या नावावर निघत होता, मालकाच्या नावावर एकदाही नाही.

एव्हरेजचं घ्या, म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते ते. काटा बंद, म्हणून किलोमीटर मोबाइलच्या नकाशावरून धरायचे, तेही सर्वांत जवळच्या रस्त्याचे. वळसा, घाट, भिवंडीच्या गोदामाबाहेर रांगेत चालू ठेवलेलं इंजिन, यातलं काही धरायचं नाही. आणि एव्हरेज लावायचं साडेचारचं. भरलेली जुनी गाडी पावणेचार देत होती, हे शेठला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. एका खेपेला ३० लिटर डिझेल 'कमी' निघालं, म्हणजे २,७९० रुपये. माझ्याकडे चोर असल्यासारखं बघत होते. पहिल्या महिन्याचा पगार हातात आला १३,५००. ४,५०० एव्हरेजमध्ये गेले. काटा बंद असेल तर टाकी फुल करून निघा, परत येऊन फुल करा, दोन्ही पावत्यांचे फोटो ठेवा. नाही म्हणाले तर त्या गाडीवर बसू नका.

फास्टॅग रिचार्ज करणं मालकाचं काम. रात्री दोन वाजता नाक्यावर शिल्लक शून्य निघते, मेहुण्याचा फोन बंद, मागे हॉर्न. फास्टॅग चालला नाही की दुप्पट रोख, हा तेव्हाचा नियम. एका नाक्यावर ७७० भरले. असे खिशातून एकूण २,९४० गेले. परत मागितले तर म्हणतात, दुप्पट भरायला कोणी सांगितलं? मग काय, गाडी नाक्यावर उभी ठेवून पायी यायचं होतं?

ओव्हरलोडचा किस्सा सगळ्यात संतापजनक. वजनकाट्यावर ३१ टन वजन आलं. मी पावतीचा फोटो पाठवून फोन केला. शेठ म्हणाला, "भरलंय ना? मग निघ. माझं बोलणं झालंय सगळीकडे." पुढे तपासणीत धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला २,०००. तीन टनांचे धरून २६,०००. कायद्यात हा दंड गाडी चालवणाऱ्यासाठी आहे तसाच चालवायला लावणाऱ्यासाठीही आहे. पण शेठने अख्खे २६,००० माझ्या नावावर लिहिले, 'वजन न बघता गाडी भरली' म्हणून. तो फोन रेकॉर्ड झालेला नाही. फोनवर सांगितलं तर लगेच व्हॉट्सॲपवर लिहून टाका, 'शेठ, तुम्ही ३१ टन घेऊन निघायला सांगितलं, निघतोय.' उत्तर नाही आलं तरी चालेल.

पावसात त्याच फाटक्या ताडपत्रीतून पाणी जाऊन साखरेची ६ पोती भिजली. १,९०० प्रमाणे ११,४०० माझ्यावर. ताडपत्रीचे फोटो आधीच पाठवलेले होते, असं म्हटल्यावर मेहुण्याने उत्तर दिलं, तो जुना मोबाइल आता नाही. पुढे रिमोल्ड (जुन्यावर नवीन रबर चढवलेला) टायर फुटला, त्याचे १४,०००.

दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याचा पगार मागितला की 'पार्टीचं पेमेंट आलं नाही' हे ठरलेलं. मधेच ६,००० उचल दिली, माणूस टिकून राहावा एवढीच. शेवटी मी गाडी यार्डात लावली, किल्ली दिली आणि हिशेब मागितला. माझा हिशेब असा: डिपॉझिट २५,०००, दोन पगार ३६,०००, पहिल्या पगारातले कापलेले ४,५००, थकलेला भत्ता ८,७५०, टोल २,९४०, पंक्चर आणि किरकोळ दुरुस्ती १,८५०. झाले ७९,०४०. उचल वजा जाता ७३,०४०. त्यांचा हिशेब वहीच्या फाडलेल्या पानावर आला: ओव्हरलोड २६,०००, साखर ११,४००, टायर १४,०००, एव्हरेज १२,३००, आणि 'नोटीस न देता काम सोडलं' म्हणून १८,०००. बेरीज ८१,७००. माझे पगार आणि डिपॉझिट वळते करून, उचल मिळवून, माझ्याकडेच २६,७०० येणे. भत्त्याचा आणि टोलचा उल्लेखसुद्धा नाही. नेमणुकीचा कागद कधी दिला नाही, पण नोटीस पीरियडचे पैसे मात्र बरोबर कापले.

पोलीस स्टेशनला गेलो. "हा दिवाणी मामला आहे, लेबर ऑफिसला जा." मी म्हटलं, पैशाचं सोडा, माझं सरकारी कार्ड त्याने दाबून ठेवलंय. हवालदार म्हणाले, "मग हरवल्याची तक्रार दे, दाखला देतो, दुसरं काढ." अहो, हरवलेलं नाही! कुठल्या टेबलाच्या कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते मी सांगतोय. पोलिसांनीच मला खोटी तक्रार लिहायला सांगावी? उद्या शेठने ते कार्ड काढून दाखवलं तर खोटा कोण ठरणार? आरटीओत गेलो तर तिथेही तेच: कार्ड कोणाकडे आहे हा आमचा विषय नाही, डुप्लिकेटसाठी पोलिसांचा दाखला आणा. परत पोलीस. परत आरटीओ. दोन खिडक्यांमध्ये माणूस झिजवायचा आणि ज्याने कार्ड ठेवलं त्याला एक फोनसुद्धा करायचा नाही. अर्ज तोंडी समजावत बसू नका. लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने वरिष्ठांना पाठवा.

कामगार कार्यालयात गेलो तर पहिला प्रश्न, "नेमणूक पत्र आहे? पगाराची स्लिप?" ती असती तर मी इथे कशाला आलो असतो? हजेरीचं आणि पगाराचं रजिस्टर ठेवणं मालकावर बंधनकारक, पण ते नसल्याचा जाब मला. मोटार परिवहन कामगारांचा १९६१ चा कायदा तेव्हा लागू होता. रोजचे ८ तास, लांब पल्ल्याला परवानगी घेऊन जास्तीत जास्त १०. मी सलग सोळा-सोळा तास गाडी चालवली आहे. पण तो कायदा लागू व्हायला पाच तरी कामगार लागतात. शेठने लिहून दिलं की त्याच्याकडे चारच ड्रायव्हर आहेत, बाकीचे 'ट्रिपवर' येतात. साहेबांनी तो कागद वाचून फाइलला लावला. सहा गाड्या चार ड्रायव्हर कसे चालवतात, हे विचारलं नाही. यार्ड तिथून फार लांब नव्हतं, पण बघायला कोणी गेलं नाही.

पगार कपातीचंही तेच. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यात स्पष्ट होतं: नुकसानीपोटी कपात करायची तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागायचं, आणि माझ्यासारख्याच्या बाबतीत एकूण कपात निम्म्या पगाराच्या वर जाऊ शकत नव्हती. माझा पूर्ण पगार, पूर्ण डिपॉझिट आणि वर २६,७०० कापले. हे वाचून दाखवल्यावर साहेब म्हणाले, "समजुतीने मिटवा." सुनावणीला मी रजा टाकून, भाडं खर्चून जायचो. शेठ यायचा नाही. पुढची तारीख. ऑनलाइन तक्रारही केली. 'संबंधित कार्यालयाकडे वर्ग' एवढं लिहून ती बंद झाली, आणि संबंधित कार्यालय म्हणजे हेच.

भत्ता आणि पगार रोख घेऊ नका, खात्यावर मागा. खात्यावर आलेले ते १३,५०० आणि व्हॉट्सॲपवरचे वजनकाट्याच्या पावतीचे फोटो, एवढाच माझ्याकडे मी तिथे कामाला होतो याचा पुरावा आहे. डिपॉझिटची चिठ्ठी आहे, पण तिच्यावर शिक्का नाही.

आता चेक. शेठने निरोप पाठवलाय की लेबर ऑफिसची तक्रार मागे घेतली नाही तर चेकवर २६,७०० लिहून बँकेत टाकणार. बँकेत स्टॉप पेमेंट दिलं, पण तेवढ्याने सुटका होत नाही, स्टॉप पेमेंटने परत गेलेल्या चेकवरही १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची केस होऊ शकते. तशी नोटीस कुणाला आली तर पंधरा दिवसांच्या आत वकिलाकडून लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका. मी त्याच्या आधीच वकिलामार्फत नोटीस पाठवली, की हा चेक सिक्युरिटी म्हणून कोरा घेतलेला आहे, कसलंही देणं नाही, चेक आणि लायसन्स परत करा. नोटीस त्याने घेतली, पोचपावती माझ्याकडे आहे. वकिलाचे ३,५०० झाले. ते वरच्या ७३,०४० मध्ये धरलेले नाहीत.