टच मेलेलं पॅनेल आणि कर्नलचा बूट-क्रम: चार हत्यारांचं परीक्षण

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शेजारच्या शेडमधली इंडक्शन भट्टी लोडवर आली की व्होल्टेज क्षणभर बसतं. मशीनचं एचएमआय पॅनेल (मशीन चालवायची टचस्क्रीन) विझून परत उठतं. लोगो येतो, मेनूही येतो, पण बोट लावलं तर काही हलत नाही. ऑपरेटर स्विच बंद-चालू करतो, की सगळं ठीक. पॅनेलवाला टचची काच बदलून देतो, आणि पुढच्या आठवड्यात तीच तक्रार.

असा येता-जाता दोष दिसला की काच बदलण्याआधी पॅनेलमधल्या लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) कोणता ड्रायव्हर, म्हणजे एखादी चिप चालवणारा प्रोग्राम, आधी उठतोय आणि कोणता मागून, ते बघावं. लॅडल तापवलेली नसताना भट्टीतून लोखंड काढलं तर काय होतं ते फाउंड्रीतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र तेच सर्रास होतं. हे परीक्षण त्या क्रमाचा तपास करणाऱ्या चार हत्यारांचं आहे. तीन कर्नलमध्येच फुकट मिळतात, उरलेलं एक म्हणजे साधी केबल. (नावं इथे देवनागरीत आहेत, कमांड लाइनवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करा.)

केबलपासून सुरुवात करू, कारण तिच्याशिवाय बाकीचं दिसतच नाही. यूएसबी-टीटीएल सिरियल अडॅप्टर, सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचा, काही शे रुपयांत येतो. दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहेत. तीनच वायरी जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, अडॅप्टरची टीएक्स (पाठवायची) बोर्डच्या आरएक्सला (घ्यायच्या पिनेला), आरएक्स टीएक्सला. रास्पबेरी पायवर ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ टीएक्स, १० आरएक्स. चौथी, पुरवठ्याची वायर मोकळी सोडा. पातळी ३.३ व्होल्टच हवी. काही मॉड्यूलवरचा जंपर फक्त पुरवठ्याच्या पिनचं व्होल्टेज बदलतो, सिग्नलचं नाही, म्हणून जंपरवर विश्वास न ठेवता टीएक्सवर मल्टिमीटर लावून बघा. भट्टीजवळ काम असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा आणि वायर फूटभरापेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर स्क्रीनवर अक्षरांऐवजी कचरा येतो. सेटिंग १,१५,२०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही. कर्नलला बूट पॅरामीटरमध्ये (बूटलोडर कर्नलला देतो त्या ओळीत) 'अर्लीकॉन' दिलं तर खरा कन्सोल उठण्याआधीच्या ओळीही मिळतात. केबल कुठल्या ब्रँडची, याला काही महत्त्व नाही.

दुसरं हत्यार 'इनिटकॉल_डीबग'. बूट पॅरामीटरमध्ये हा एक शब्द टाकला की कर्नल प्रत्येक इनिट फंक्शनसाठी (एखादा ड्रायव्हर किंवा भाग सुरू करणारं फंक्शन, म्हणजेच इनिटकॉल) दोन ओळी लिहितो: आता कोणाला बोलावलं, आणि त्याने काय परत दिलं व किती मायक्रोसेकंद घेतले. सोबत 'लॉग_बफ_लेन=४एम' द्याच, नाहीतर बफर भरून सुरुवातीच्या ओळी पुसल्या जातात, आणि हव्या असतात नेमक्या त्याच. इथे एक खड्डा आहे. या ओळी डीबग पातळीच्या असल्यामुळे एरवी कन्सोलवर येत नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून लोक 'इग्नोर_लॉगलेव्हल' लावतात आणि मग दोषच गायब होतो! हिशेब करा: १,१५,२०० बॉडला सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. ८० अक्षरांच्या ओळीला सुमारे ७ मिलिसेकंद. हजार इनिटकॉल धरले तर दोन हजार ओळी, म्हणजे बूटमध्ये १४ सेकंदांची भर. तेवढ्या वेळात मागे राहिलेली चिप आरामात तयार होते. म्हणून पहिल्या फेरीत कन्सोल शांत ठेवा आणि बूट झाल्यावर डी-मेसेजमधून (कर्नलचा साठवलेला लॉग दाखवणारी कमांड) वाचा. कर्नल अर्ध्यात लटकतच असेल तरच 'इग्नोर_लॉगलेव्हल' लावा. शेवटची 'कॉलिंग' ओळ आली आणि तिची 'रिटर्न्ड' आली नाही, तर बहुतेकदा आरोपी तोच. संशयिताला वगळून बघायला 'इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट' मध्ये फंक्शनचं नाव द्या, मात्र त्यासाठी कर्नलमध्ये कॉलसिम्स (फंक्शनच्या नावांची यादी) चालू लागतं. सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधला 'बूटग्राफ.पीएल' याच लॉगचं चित्र काढतो. साहेबांना दाखवायला छान. तपास मात्र ओळींतूनच होतो.

आता या हत्यारामुळे जी वाईट सवय लागते तिच्याबद्दल. लॉगमध्ये दिसतं की टच आधी उठला आणि जीपीआयओ एक्सपांडर (जादा इनपुट-आउटपुट पिना देणारी चिप) मागून. मग पहिला मोह होतो तो एक्सपांडरच्या इनिटकॉलची पातळी वर, म्हणजे आधीच्या टप्प्यावर, सरकवण्याचा. पातळ्या ० ते ७ आहेत: प्युअर, कोअर, पोस्टकोअर, आर्च, सबसिस, एफएस, डिव्हाइस, लेट. कर्नलमध्येच बांधलेल्या ड्रायव्हरचं साधं 'मॉड्यूल_इनिट' सहाव्या, म्हणजे डिव्हाइस पातळीवर पडतं. एकाच पातळीत कोण आधी, हे मेकफाइलमधल्या (कर्नल बांधायच्या कृतीची फाइल) लिंकिंगच्या क्रमावर ठरतं. म्हणजे कुणी मेकफाइलची ओळ वरखाली केली तरी पॅनेलचं वागणं बदलू शकतं. पीसीए९५३एक्स एक्सपांडरचा मुख्य कर्नलमधला ड्रायव्हरसुद्धा सबसिस पातळीवर बसवलेला आहे, त्यामुळे ही युक्ती शिष्टसंमत वाटते.

तिचं दुखणं दोन ठिकाणी आहे. पहिलं, पातळीने ड्रायव्हरची नोंदणी लवकर होते, प्रोब (प्रत्यक्ष चिप शोधून ताब्यात घेणं) नाही. आयटूसीचा (चिपा जोडणाऱ्या दोन वायरींच्या बसचा) कंट्रोलरच सहाव्या पातळीवर उठत असेल तर एक्सपांडर नावाचं डिव्हाइस तोवर जन्मालाच आलेलं नसतं. ड्रायव्हर चौथ्या पातळीवर येऊन नुसता बसून राहतो. दुसरं, तोच ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये 'वाय' (कर्नलमध्येच बांधलेला) ऐवजी 'एम' करून मॉड्यूल (नंतर लोड होणारी वेगळी फाइल) बनवला की पातळीचा अर्थ संपतो, सगळ्या इनिटकॉलचं साधं मॉड्यूल_इनिट होतं. म्हणजे आज चाललेली दुरुस्ती कॉन्फिगमधलं एक अक्षर बदललं की मोडते. पातळी सरकवणं हा ठिगळाचा उपाय, आणि विकायच्या पॅनेलमध्ये तो नको.

मग उपाय काय? २०१२ साली लिनक्स ३.४ मध्ये आलेला डिफर्ड प्रोब. ड्रायव्हरने सांगायचं की माझं लागणारं सामान अजून आलं नाही, मला नंतर बोलवा. हे सांगायचा आकडा उणे ५१७. दुसरं कुठलंही डिव्हाइस यशस्वी बांधलं गेलं की कर्नल थांबलेल्यांना परत बोलावतो. आणि या रांगेत कोण अडकलंय ते दाखवणारी फाइल, म्हणजे आपलं तिसरं हत्यार: सिस-कर्नल-डीबग खालची 'डिव्हायसेस_डिफर्ड'. डीबगएफएस (कर्नलच्या तपासणीची फाइलसिस्टम) माउंट करा, फाइल कॅट करा, झालं. सगळं नीट असेल तर ती रिकामी असते. लई भारी चीज आहे, आणि अनेक पॅनेलवाल्यांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं.

७ इंची पॅनेलवरचं एक नेहमीचं जोडकाम जवळून बघू. गुडिक्स जीटी९११ टच चिप, आणि प्रोसेसरच्या पिना कमी पडल्या म्हणून तिची रीसेट वायर पीसीए९५३८ एक्सपांडरवर. जीटी९११ रीसेटमधून उठताना आयएनटी (इंटरप्ट) पिन खाली असेल तर तिचा आयटूसी पत्ता (हेक्समध्ये) ५डी होतो, वर असेल तर १४. म्हणजे रीसेट हातात नसताना चिप कुठल्या पत्त्यावर उठेल याचा भरवसा नाही. मुख्य कर्नलचा ड्रायव्हर एक्सपांडर आलेला नसेल तर उणे ५१७ देऊन मुकाट्याने थांबतो. बोर्डसोबत येणाऱ्या जुन्या ड्रायव्हरमध्ये मात्र एक घातक ओळ सापडते: जीपीआयओ मागताना कुठलीही चूक आली की रीसेट नाहीच असं धरून पुढे जा. मग ड्रायव्हर ५डी वर हाका मारतो, चिप १४ वर बसलेली. लॉगमध्ये आयटूसीची चूक उणे ६ किंवा उणे १२१, कंट्रोलरप्रमाणे. टच मेला, आणि रांगेतही नाही, कारण त्याने थांबायची विनंतीच केली नाही.

दुरुस्ती दोन-तीन ओळींची. चूक गिळायची नाही, 'डेव्ह_एर_प्रोब' ला देऊन तीच परत करायची. हे फंक्शन लिनक्स ५.९ पासून आहे. ते उणे ५१७ असेल तर कन्सोलवर बोंब मारत नाही आणि थांबण्याचं कारण डिव्हायसेस_डिफर्डमध्ये डिव्हाइसच्या नावापुढे लिहून ठेवतं. दुरुस्तीनंतरही टच रांगेतच पडून राहिला तर एक्सपांडरचा ड्रायव्हर 'एम' आहे आणि मॉड्यूलची फाइल इमेजमध्ये टाकायची राहिली, हे सर्वांत आधी तपासा. पाचपैकी पाच द्यावेत असं हे एकच हत्यार इथे आहे.

चौथं, 'एफडब्ल्यू_डेवलिंक', गुणी पण तिखट. हे डिव्हाइस ट्री (बोर्डवरच्या चिपा आणि त्यांच्या जोडण्यांची यादी) वाचून आधीच ओळखतं की कोण कोणावर अवलंबून आहे, आणि पुरवठादाराचा ड्रायव्हर बांधला जाईपर्यंत ग्राहकाला प्रोबच करू देत नाही. त्यामुळे वरच्यासारखा बेशिस्त ड्रायव्हरही आपोआप रांगेत येतो. लिनक्स ५.१३ पासून, म्हणजे जून २०२१ पासून, ते मुळातच चालू असतं. जोडलेल्या कड्या सिस-क्लास-डेवलिंक खाली दिसतात, आणि अडकलेल्या डिव्हाइसपुढे 'वेट फॉर सप्लायर' असं पुरवठादाराच्या नावासकट येतं.

मर्यादा नीट समजून घ्या. ते डिव्हाइस ट्रीतले ठरलेले गुणधर्मच ओळखतं: क्लॉक, इंटरप्ट, पॉवर डोमेन, 'सप्लाय'ने संपणारे रेग्युलेटर, 'जीपीआयओ' किंवा 'जीपीआयओज'ने संपणारी नावं. कुणी 'आरएसटी-पिन' असं घरगुती नाव ठेवून नुसता आकडा लिहिला असेल तर कडी जुळत नाही. उलट बाजूने, ट्रीमध्ये कामाची नसलेली कडी राहिली तर धडधाकट डिव्हाइस उगाच अडकतं. तपासायला 'एफडब्ल्यू_डेवलिंक=परमिसिव्ह' देऊन बूट करा: दोष गेला तर ट्रीमधली कडी चुकीची आहे, ती काढा आणि पॅरामीटरही काढा. बोर्डसोबत ५.१० चा कर्नल आला असेल तर 'एफडब्ल्यू_डेवलिंक=ऑन' देण्याआधी पूर्ण तपासणी करा. ४.१९ वर हे विसराच, तिथे ड्रायव्हरच सुधारावा लागतो. पाचपैकी साडेतीन, नव्या कर्नलवर चार.

चारही हत्यारांच्या कक्षेबाहेर पडणारे दोन दोष आहेत. पहिला फर्मवेअर फाइलचा, म्हणजे ड्रायव्हर चिपसाठी मागतो त्या फाइलचा. लॉगमध्ये 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' फसल्याची ओळ, चूक उणे २. फाइल लिब-फर्मवेअरमध्ये डोळ्यांसमोर असते, तरी कर्नल म्हणतो नाही. कारण ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला आहे आणि तो फाइल मागतो तेव्हा रूट फाइलसिस्टम माउंटच झालेली नसते. लेट पातळीवर ढकलूनही उपयोग नाही, माउंट त्याच्याही नंतर होतं. जीटी९११ मध्ये हे फसवं रूप घेतं: 'गुडिक्स_९११_सीएफजी.बिन' मिळाली नाही तरी ड्रायव्हर चिपमधल्या जुन्या सेटिंगवर चालत राहतो, मग टच जिवंत पण बोट एकीकडे आणि कर्सर दुसरीकडे.

तीन रस्ते आहेत. ड्रायव्हर मॉड्यूल करा, हा सर्वांत सोपा. किंवा फाइल इनिटरॅमएफएसमध्ये (कर्नलसोबतच मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममध्ये) घाला. डेबियनवर 'मॉडइन्फो -एफ फर्मवेअर' ने ड्रायव्हरला कोणती फाइल लागते ते बघा, 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा आणि 'एलएसइनिटरॅमएफएस' ने ती खरंच आत गेली का ते पाहा. ड्रायव्हरने फाइलचं नाव जाहीर केलेलं नसेल तर ती आपोआप जात नाही, हुक (छोटी स्क्रिप्ट) लिहावा लागतो. तिसरा रस्ता 'कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर', ज्याने फाइल थेट कर्नलमध्ये शिवली जाते. वेगवान आहे, पण पॅनेल विकायचं असेल तर थांबा: जीपीएल (लिनक्सचा परवाना) नसलेली फाइल कर्नल इमेजमध्ये घालून वाटणं परवान्याचा भंग ठरू शकतो, असा इशारा त्या पर्यायाच्या मदतीतच लिहिलेला आहे.

दुसरा दोष उलट्या क्रमाचा. बूटलोडरने लावलेला लोगो दिसतो आणि काही क्षणांत स्क्रीन काळी. डिस्प्लेचा ड्रायव्हर मॉड्यूल आहे, तो यायच्या आत कर्नलने कोणी न मागितलेली क्लॉक बंद करून टाकली. 'सीएलके_इग्नोर_अनयूज्ड' देऊन बघा. स्क्रीन टिकली तर निदान पक्कं. ते पॅरामीटर कायमचं ठेवू नका, डिस्प्लेचा ड्रायव्हर 'वाय' करा. अर्ध्या मिनिटाने काळी होत असेल तर रेग्युलेटरकडे बघा, न वापरलेले रेग्युलेटर कर्नल ३० सेकंदांच्या सवलतीनंतर बंद करतो.

तपासणी 'रीबूट' कमांडने करू नका. तिच्यात एक्सपांडरचा आणि टचचा पुरवठा जात नाही, चिपा जुन्या अवस्थेतच राहतात आणि दोष लपतो. २४ व्होल्टच्या बाजूला रिले लावून १०० फेऱ्या घ्या: ५० फेऱ्या २० सेकंद बंद ठेवून, म्हणजे कपॅसिटर पूर्ण रिकामे होतील, आणि ५० फेऱ्या अर्ध्या सेकंदाच्या आतल्या झटक्याच्या, शेजारची भट्टी देते तशा. प्रत्येक बूटनंतर एका मिनिटाने डिव्हायसेस_डिफर्ड रिकामी आहे का आणि डी-मेसेजमध्ये उणे २, उणे ६, उणे १२१ आहेत का, हे स्क्रिप्टने फाइलमध्ये लिहा. नुसत्या झटक्याच्या फेऱ्याच फसल्या तर कर्नल सोडा आणि सर्किट बघा: प्रोसेसर रीसेट होतोय पण टचची ३.३ व्होल्टची लाइन पूर्ण खाली येत नाहीये.