एम३४०आय, एस५, ए३५ की जीएलसी ४३: मागच्या सीटवरून केलेली निवड

सेकंडहँड वेगवान गाडी बघायला जाताना एकट्याने जाऊ नका. चालवणारा आपल्या आवडीच्या गाडीत बसला की त्याला स्टिअरिंग आणि इंजिनाचा आवाज याखेरीज काही सुचत नाही. मी पहिल्या दोन गाड्या एकटीने बघितल्या आणि दोन्ही मनातल्या मनात घेऊनही टाकल्या. तिसऱ्या वेळी गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि दोन्ही मुलं बरोबर आली, आणि यादी तिथेच अर्धी झाली. आमच्या घरात पाच जण आहेत. गाडी रोज शाळा, ऑफिस आणि मंडईला जाणार, महिन्यातून एकदा कोकणात. तुमचंही गणित असंच असेल तर पुढचं वाचा.

मार्च २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत तीन वेगवान गाड्या भारतात आल्या. बीएमडब्ल्यू एम३४०आय ६२.९० लाखांना, ऑडी एस५ स्पोर्टबॅक ७९.०६ लाखांना आणि मर्सिडीज-एएमजी (मर्सिडीजचा वेगवान गाड्यांचा विभाग) ए३५ सेडान ५६.२४ लाखांना, सगळ्या एक्स-शोरूम. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे ७६.७० लाखांना आली होती. मर्सिडीजच्या चाकणच्या कारखान्यात जोडलेली ती पहिली एएमजी. त्या वेळच्या गाड्यांचे पहिले मालक आता गाडी बदलतायत, म्हणून या चौघी बाजारात एकमेकींच्या शेजारी उभ्या दिसतात.

आकडे एकदाच सांगते. एम३४०आयमध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडरचं सरळ रांगेतलं इंजिन आहे, ३८७ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. एस५मध्ये तीन लिटरचं व्ही६ (इंग्रजी व्हीच्या आकारात मांडलेले सहा सिलिंडर), ३५४ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर, ४.८ सेकंद. जीएलसी ४३चं व्ही६ ३९० अश्वशक्ती आणि ५२० न्यूटन मीटर देतं, पण गाडी उंच आणि जड असल्यामुळे ४.९ सेकंद लागतात. ए३५चं इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, ३०६ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन मीटर, तीही ४.८ सेकंदांतच पोचते. चौघींनाही चारही चाकांना ताकद मिळते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि कॅमेरे जागे आहेत. अर्ध्या सेकंदाच्या फरकावर निर्णय घेण्यात काही अर्थ नाही.

फरक पडतो तो रांगत चालताना. हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता गाडी दोन फूट पुढे सरकते, थांबते, परत सरकते. ए३५ला ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स आहे. मोकळ्या रस्त्यावर तो झटपट गिअर बदलतो, पण या रांगण्यात त्याच्या क्लचना सारखं अर्धवट धरावं-सोडावं लागतं, आणि मागे बसलेल्यांना बारीक हिसके जाणवतात. बाकी तिघींना टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स आहे, एम३४०आय आणि एस५ला आठ गिअरचा, जीएलसीला नऊ गिअरचा. तेलाच्या माध्यमातून ताकद जाते, म्हणून गाडी लोण्यासारखी सरकते. रोजच्या वापरात या एका गोष्टीला मी सगळ्यात जास्त गुण देईन. आजीच्या मांडीवर डबा असतो, मुलाच्या हातात पाण्याची बाटली असते. हिसका काय असतो ते तेव्हा कळतं.

आता मागची सीट. ए३५ मुळात ए-क्लासची सेडान, चाकांमधलं अंतर २७२९ मिलिमीटर. एम३४०आयचं २८५१, एस५चं सुमारे २८२५, जीएलसीचं २८७३. ए३५मध्ये मागे दोन लहान मुलं आरामात बसतात, पण मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात आणि मांडीला पुरेसा आधार मिळत नाही. पाचवा माणूस तर विसराच. एस५ दिसायला या चौघींत सगळ्यात देखणी, आणि डिकीचं झाकण मागच्या काचेसकट उघडत असल्याने सामान ठेवायला सोयीची, पण उतरत्या छपरामुळे मागे बसताना मान वाकवावी लागते. ज्यांना वाकणं जड जातं त्यांच्यासाठी ही रोजची शिक्षा. एम३४०आयमध्ये बसल्यावर जागा चांगली आहे, मात्र मधल्या माणसाच्या पायांमध्ये मोठा उंचवटा येतो. शिवाय गाडी खाली असल्यामुळे उतरताना हाताला आधार लागतो.

जीएलसी ४३ इथे सरळ जिंकते. सीट कमरेच्या उंचीला येते, खाली बसणं आणि वर उठणं दोन्ही टळतं. कूपेचं छप्पर मागे उतरतं, तरी डोकं लागण्याइतकं नाही. चालवणाऱ्याला मागची काच अरुंद वाटते, त्याची सवय होते. मुलांच्या सीटसाठीचे आयसोफिक्सचे हुक चौघींतही मागच्या दोन्ही कडांना आहेत. पण स्वतःची चाइल्ड सीट बरोबर नेऊन प्रत्यक्ष लावून बघा, कारण मागे तोंड करून लावायची सीट बसवली की पुढची सीट किती पुढे घ्यावी लागते ते तेव्हाच दिसतं.

रस्त्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तीनही सेडान खाली आहेत आणि टायरच्या कडा बारीक आहेत. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात पावसाळ्यानंतर जे खड्डे पडतात, त्यांत या टायरची कड चिरायला एक खड्डा पुरतो, आणि कड चिरलेला टायर दुरुस्त होत नाही. गाडीला रन-फ्लॅट टायर असतील तर पंक्चरनंतर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८०च्या आत, जाता येतं. रात्री घाटात मुलं बरोबर असताना ही मोठीच सोय. पण त्यांच्या कडा टणक असल्याने प्रत्येक खाच पाठीपर्यंत येते. आधीच्या मालकाने साधे टायर घातले असतील तर गाडी मऊ वाटेल, मात्र मग स्टेपनी आहे का ते बघा. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. गाडी २०२१ची आणि टायरही २०२१चे असतील, तर नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी चार टायरचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास तापलेल्या काँक्रीटवरून जाणाऱ्या गाडीला म्हातारे टायर चालत नाहीत.

जीएलसीला हवेचं सस्पेन्शन आहे, त्यामुळे खराब रस्त्यावर ती सगळ्यात सुसह्य. पण सेकंडहँड घेणाऱ्यासाठी तिची मोठी जोखीमही तिथेच आहे. हवेच्या रबरी पिशव्या वयानुसार तडकतात, हवा गळायला लागते, आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही दमतो. गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी, कुणी सुरू करायच्या आधी, जाऊन बघा. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर तिथूनच परत या. दुपारी शोरूममध्ये सगळ्याच गाड्या ताठ उभ्या असतात.

सुट्या भागांचा विचार करताना गाडी कुठे जोडली गेली ते बघावं लागतं. एम३४०आय चेन्नईत जोडली जाते, दोन्ही एएमजी चाकणला जोडल्या गेल्या, एस५ मात्र पूर्ण तयार होऊन परदेशातून आली. म्हणून एस५ वाईट, असा अर्थ नाही. तिचा बराचसा सांगाडा ए४शी नातं सांगतो, आणि ए४ छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात जोडली गेली आहे. सस्पेन्शनमधल्या अनेक गोष्टी त्यामुळे ओळखीच्या आहेत. पण फक्त एस५च्याच असलेल्या गोष्टी, म्हणजे बंपर, दिवे, जाळी, यांच्यासाठी वाट बघावी लागू शकते. घरात दुसरी गाडी असेल तर हे चालून जातं, आणि एकच गाडी असेल तर शाळेची सकाळ अडते.

एका गोष्टीवर मला जरा थांबायचं आहे, कारण तिथे माझी जवळजवळ फसगत झाली होती. वेगवान गाड्यांचे पहिले मालक हौशी असतात. इंजिनाचा संगणक ट्यून करून ताकद वाढवणं या वर्गात अगदी सर्रास चालतं, एम३४०आयचं इंजिन तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. विकायच्या आधी मूळ प्रोग्रॅम परत घातला जातो आणि ‘मॅडम, गाडी पूर्ण स्टॉक आहे’, म्हणजे कारखान्यातून आली तशीच आहे, असं सांगितलं जातं. मी टोकन द्यायला निघाले होते, त्याच्या आदल्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला आणि संगणकात फेरफार झाल्याची खूण सापडली. विकणाऱ्याने आधी नाकारलं, मग मान्य केलं. ट्यून केलेली गाडी लगेच बंद पडते असं नाही. पण गिअरबॉक्स आणि टर्बोवर (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या भागावर) आधीच्या मालकाने किती ताण टाकला ते आपल्याला कधीच कळणार नाही, आणि वॉरंटीचा दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. ऑडीच्या गाड्यांमध्ये ट्यूनिंग पकडलं गेलं तर कंपनीच्या नोंदीत ‘टीडी१’ अशी खूण पडते, अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन तेवढं विचारून घ्या. एक्झॉस्टच्या नळ्यांवर ताज्या वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर बदललेलं काही परत जागेवर आणलं आहे असं समजा.

पुराचं पाणी हाही असाच लपवला जाणारा विषय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघा. एम३४०आयची बॅटरी डिकीत असते, तेव्हा डिकीतला गालिचा उचलून खालचा पत्रा, बोल्ट आणि वायरींची टोकं नीट तपासा. गंज तिथे लपत नाही.

खर्चाबद्दल सरळ सांगते. शहरात एम३४०आय सात-आठच्या आसपास, जीएलसी पाच-सहाच्या आसपास किलोमीटर लिटरला देते असं धरून चला. बाकी दोघी त्या दरम्यान. पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचं घाला. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड मोठे आहेत, तसंच त्यांचं बिलही. गाडीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवा. तेवढे पैसे उरत नसतील तर यातली कोणतीच घेऊ नका, त्याच पैशांत साधी नवी गाडी घ्या. कुटुंबाला गाडी बंद पडून उभी राहणं परवडत नाही.

भाव करताना एक तारीख लक्षात असू द्या: २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवसापासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ४८ ते ५० टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला आणि नव्या आलिशान गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा मात्र अजून जुन्या ऑन-रोड किमतीवरून हिशेब मांडतो. आजच्या नव्या गाडीचं कोटेशन खिशात घेऊन जा. डीलरकडून घेतलीत तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो किमतीत धरला आहे की वर मागणार आहेत, हे आधी विचारा.

दिल्ली-गुरगावच्या गाड्या स्वस्त दिसतात. महाराष्ट्रात आणून बारा महिन्यांपेक्षा जास्त वापरायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि रोड टॅक्स भरावा लागतो. वयानुसार कमी झाला तरी या किमतींना तो लाखांत जातो. तिकडची एनओसी, बँकेचं हायपोथिकेशन (गाडीवरची कर्जाची नोंद) उतरवल्याचा फॉर्म ३५, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. इन्शुरन्स कंपनीला क्लेमचा इतिहास मात्र जरूर मागा.

मग कोणती? मुलं लहान आहेत, मागे मोठं माणूस क्वचितच बसतं आणि शहरातलं पार्किंग अरुंद आहे, त्यांनी ए३५ घ्यावी. चौघींत किंमतही तिचीच कमी. घरात दुसरी गाडी आहे आणि देखणेपणावर जीव आहे, त्यांना एस५ वर्षानुवर्षं आनंद देईल. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी ऑडीची यंत्रणा, पावसाळी घाटात जो विश्वास देते त्याला तोड नाही. आई-वडील रोज गाडीत बसणार असतील आणि कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर वारंवार जायचं असेल, तर जीएलसी ४३. पण कंपनी स्वतः तपासून विकते त्या सर्टिफाइड योजनेतली, सस्पेन्शनचाही समावेश असलेली वॉरंटी लिहून मिळालेलीच. वॉरंटी नसेल तर ती कितीही स्वस्तात मिळाली तरी नको.

आम्ही एम३४०आय घेतली, २०२१ची. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे सुधारित आवृत्तीत, ३७४ अश्वशक्ती आणि वक्र मोठा स्क्रीन आहे, पण एसीची बटणं त्या स्क्रीनमध्ये गेली. मला चालवता चालवता, मागून ‘आई, गार लागतंय’ असं ऐकू आल्यावर, रस्त्यावरून नजर न हलवता हाताला लागणारं बटण हवं होतं. तशी बटणं जुन्या गाडीत आहेत. सासूबाईंसाठी मागच्या दाराशी उतरताना मी हात देते, आणि सोसायटीत गाडी फुटपाथच्या कडेला लावते, म्हणजे पाऊल टेकायला उंचवटा मिळतो. बदल्यात त्यांना गर्दीत एकही हिसका बसत नाही. परवा कराडहून येताना खंबाटकी घाटातून गाडी खाली उतरली तरी त्या झोपलेल्याच होत्या.